रुग्णवाहिका पाठवण्याचे कर्तव्य कायद्याने कोणावर आहे?

प्रश्न असा आहे: “आमच्या तालुक्यातील काही ग्रामसभा ‘रुग्णवाहिका सेवा ही कायद्याने अत्यावश्यक सेवा म्हणून जाहीर करावी’ असा ठराव करून लोकप्रतिनिधींना देणार आहेत. अशी मान्यता आज नाही का? नसेल, तर ठरावात नेमके काय मागावे?”

ठराव जरूर करा, पण या शब्दांत करू नका. शासनाने उद्या ही मागणी तंतोतंत मान्य केली तरी तुमच्या वाडीवर गाडी आजच्यापेक्षा लवकर येईलच असे नाही; गाडीवर काम करणाऱ्या चालकाचे आणि डॉक्टरचे हात मात्र नक्की बांधले जातील. आपत्कालीन वैद्यकीय सेवेत आधी गाडीवर डॉक्टर म्हणून आणि पुढे नियोजन व प्रशिक्षणाच्या कामात बरीच वर्षे काढल्यानंतर माझे ठाम मत असे झाले आहे की, आपल्याला हवी असलेली मान्यता ही रुग्णवाहिका पुरवण्याचे वैधानिक कर्तव्य शासनावर टाकणारी असली पाहिजे. सध्याच्या कायद्यांमध्ये नेमकी हीच गोष्ट नाही.

आपल्याकडे ‘अत्यावश्यक सेवा’ ही संज्ञा ज्या कायद्यांत येते ते प्रामुख्याने संपबंदीचे कायदे आहेत. केंद्राने १९६८ मध्ये तसा कायदा केला आणि राज्यात ज्याला आपण मेस्मा म्हणतो तो महाराष्ट्र अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदाही तसाच आहे. एखादी सेवा त्याच्या कक्षेत आली की तिथला संप बेकायदा ठरवता येतो, संप करणाऱ्यांना अटक होऊ शकते, शिक्षा होऊ शकते. ती सेवा किती असावी, कुठे असावी, किती वेळात मिळावी आणि न मिळाल्यास उत्तर कोणी द्यावे, याविषयी हे कायदे काहीही सांगत नाहीत. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयांशी संबंधित सेवा या चौकटीत येतातच, त्यामुळे “अशी मान्यता आज नाही का?” या तुमच्या प्रश्नाचे काटेकोर उत्तर “या अर्थाची मान्यता मिळवणे शासनाला मुळीच अवघड नाही” असे आहे. मार्च २०१८ मध्ये अंगणवाडी सेविकांना मेस्माच्या कक्षेत आणले गेले तेव्हा काय झाले ते आठवून पाहा. ज्यांना शासन कर्मचारी मानत नाही, ज्यांना वेतनाऐवजी मानधन दिले जाते, त्यांच्यावर संपबंदी मात्र कर्मचाऱ्यांसारखीच लागू केली गेली. मोठा विरोध झाल्यावर तो निर्णय स्थगित करावा लागला. रुग्णवाहिकेवरचे चालक आणि डॉक्टरही बहुतांशी कंत्राटीच आहेत, हे लक्षात घेऊन ठरावाची भाषा निवडावी लागेल.

आता प्रत्यक्षात कायदा कुठपर्यंत पोहोचला आहे ते पाहू. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार अपघातातील वाहनचालकावर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देण्याची जबाबदारी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने जखमीला मदत करणाऱ्या त्रयस्थ माणसाला संरक्षण मिळाले. त्याच दुरुस्तीतील कलम १९४-ई नुसार रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघातानंतरच्या पहिल्या तासाची, म्हणजे ‘गोल्डन अवर’ची व्याख्या कायद्यात आली आणि मे २०२५ मध्ये रस्ते अपघातग्रस्तांना सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार देणारी योजना अधिसूचित झाली. रुग्णालयाच्या दारात पोहोचलेल्या रुग्णाला डॉक्टरने आधी वाचवले पाहिजे, कागदपत्रे नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितले होते. म्हणजे रस्त्यावरच्या वाहनचालकावर कर्तव्य आहे, वाट देणाऱ्यावर आहे, डॉक्टरवर आहे, रुग्णालयावर आहे; या साखळीच्या मधोमध जी गाडी आहे ती पाठवण्याचे, वेळेत पाठवण्याचे आणि सुसज्ज पाठवण्याचे स्पष्ट वैधानिक कर्तव्य मात्र कोणावरही नाही.

वैधानिक नसले तरी घटनात्मक कर्तव्य आहे आणि ते ठरावात आवर्जून नमूद करावे. १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्याचा निकाल लागला. रेल्वेतून पडून डोक्याला गंभीर इजा झालेल्या एका शेतमजूर संघटनेच्या सदस्याला एकामागोमाग एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही असे सांगून परत पाठवले होते आणि अखेर त्याला खासगी रुग्णालयात स्वखर्चाने उपचार घ्यावे लागले होते. वेळेवर आपत्कालीन उपचार न मिळणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग आहे, असे न्यायालयाने ठरवले. त्याच निकालात प्राथमिक आरोग्य केंद्रापासून उपविभागीय किंवा जिल्हा रुग्णालयापर्यंत आणि तिथून राज्य पातळीवरील रुग्णालयापर्यंत रुग्णवाहिकेची योग्य व्यवस्था असावी आणि तिच्यात आवश्यक उपकरणे व वैद्यकीय कर्मचारी असावेत, असेही सांगितले आहे. पैसा नाही ही सबब या कर्तव्यापुढे चालणार नाही, हेही त्यातच आहे. त्यानंतर विधी आयोगाने २००६ मध्ये आपल्या २०१ व्या अहवालात आपत्कालीन उपचारांसाठी आदर्श कायद्याचा मसुदा दिला. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्यसूचीतील विषय असल्याने पुढचे पाऊल राज्य विधिमंडळाने टाकायचे होते. गुजरातने २००७ मध्ये आपत्कालीन वैद्यकीय सेवांसाठी स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्रात सेवा आली, कायदा आला नाही.

सेवा आली हे मी कमी लेखत नाही. २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची सेवा राज्यात सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, त्यांपैकी २३३ प्रगत जीवनरक्षक आणि ७०४ मूलभूत जीवनरक्षक प्रणालीच्या. प्रत्येक गाडीवर डॉक्टर ठेवण्याचा निर्णय महाराष्ट्राने घेतला आणि त्यामुळे असंख्य माणसे, विशेषतः बाळंतिणी आणि हृदयविकाराचे रुग्ण, वाचले आहेत. पण या सेवेचा सगळा आधार शासन आणि सेवा पुरवठादार यांच्यातील करार हा आहे. गाडी किती वेळात पोहोचावी हे करारात असते, दंडही करारात असतो. तुम्ही-आम्ही त्या कराराचे पक्षकार नसतो. गाडी दोन तास उशिरा आली आणि शासनाने पुरवठादाराकडून दंड कापला, तरी तो रुग्णाच्या घरी येत नाही, शासनाकडेच राहतो. ग्राहक न्यायालयाची वाटही बंद आहे, कारण १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालानुसार सर्वांना पूर्णपणे मोफत दिली जाणारी सेवा ग्राहक कायद्याखाली येत नाही. राहता राहिले उच्च न्यायालय. भामरागडच्या किंवा धडगावच्या माणसाने नागपूर किंवा औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका करावी, अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे त्याला हक्क कागदावर देऊन हातातून काढून घेणे आहे.

याच राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम लागू आहे. उत्पन्नाचा दाखला, वय-अधिवास प्रमाणपत्र अशा अधिसूचित सेवांना ठरलेली मुदत आहे, मुदत चुकली तर अपील आहे, त्यावर आयोग आहे आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. दाखल्याच्या विलंबाला कायद्याने जाब विचारता येतो आणि रक्तस्राव होत असलेल्या बाळंतिणीच्या गाडीच्या विलंबाला विचारता येत नाही, ही विसंगती मला फार बोचते. अग्निशमनाचेच पाहा. मुंबई वगळता राज्यातील महानगरपालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या अधिनियमात, कलम ६३ खालील अनिवार्य कर्तव्यांत, सुसज्ज अग्निशमन दल ठेवणे हे नावानिशी नमूद आहे. रुग्णवाहिकेला मात्र त्या अनिवार्य यादीत ‘सार्वजनिक वैद्यकीय मदतीसाठी आवश्यक उपाय’ अशा मोघम शब्दांच्या आडोशाला उभे राहावे लागते. आग लागण्यापेक्षा छातीत कळ येण्याचे प्रसंग कितीतरी अधिक असतात.

कर्तव्य कायद्यात लिहिल्याने काय होते, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण इंग्लंडचे आहे. तिथल्या १९४६ च्या राष्ट्रीय आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २७ मध्ये स्थानिक आरोग्य प्राधिकरणांवर रुग्णवाहिका उपलब्ध ठेवण्याचे कर्तव्य टाकले गेले आणि आजच्या २००६ च्या कायद्यातही ज्या सेवांची तजवीज करणे बंधनकारक आहे त्या यादीत रुग्णवाहिका सेवा नावानिशी आहे. २००० साली तिथल्या अपील न्यायालयाने केंट विरुद्ध ग्रिफिथ्स या खटल्यात एक महत्त्वाचा निकाल दिला. दम्याचा झटका आलेल्या गर्भवती महिलेसाठी डॉक्टरने गाडी मागवली, गाडी येत असल्याचे पुन्हा पुन्हा सांगितले गेले आणि ती सुमारे चाळीस मिनिटांनी आली. दरम्यान महिलेचा श्वास थांबून कायमची हानी झाली. रुग्णवाहिका सेवा ही आरोग्य सेवेचाच भाग आहे आणि एकदा कॉल स्वीकारला की त्या विशिष्ट रुग्णाप्रती तिच्यावर काळजीचे कर्तव्य येते, असे न्यायालयाने म्हटले. याउलट अमेरिकेतील अनेक राज्यांत पोलीस आणि अग्निशमन जशी स्थानिक शासनाची जबाबदारी असते तशी रुग्णवाहिका नसते. परिणामी ग्रामीण भागात ही सेवा स्वयंसेवकांच्या आणि देणग्यांच्या भरवशावर चालते आणि माणसे मिळेनाशी झाली की बंद पडते.

आता ठरावातील मागण्यांकडे येतो. पहिली मागणी जबाबदार अधिकारी कोण हे ठरवण्याची. राज्य पातळीवर एक प्राधिकरण आणि जिल्ह्यात एक नावाने ओळखता येईल असा अधिकारी कायद्यातच असला पाहिजे. आज तक्रार घेऊन गेलेला माणूस तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक, कंट्रोल रूम आणि पुरवठादाराचा समन्वयक यांच्यात फिरत राहतो आणि प्रत्येकजण खरेच सांगतो की हे माझ्याकडे येत नाही.

दुसरी मागणी गाड्यांच्या संख्येची नसून व्याप्तीची असावी, आणि हे मी थोडे आकडे मांडून सांगतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा निकष एक लाख लोकसंख्येमागे एक मूलभूत आणि पाच लाखांमागे एक प्रगत गाडी असा आहे. २०११ च्या जनगणनेतील ११.२४ कोटी लोकसंख्येला तो लावला तर राज्याला सुमारे १,१२४ मूलभूत आणि २२५ प्रगत गाड्या लागतात. २०१४ चा ताफा प्रगत गाड्यांत पुरेसा आणि मूलभूत गाड्यांत बराच अपुरा होता. पण खरा दोष निकषातच आहे. गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा सुमारे १०.७३ लाख आणि क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. लोकसंख्येचा निकष तसाच लावला तर जिल्ह्याला साधारण दहा मूलभूत आणि दोन प्रगत गाड्या मिळतील, आणि तालुके आहेत बारा. म्हणजे एका गाडीच्या वाट्याला १,२०० चौरस किलोमीटर जंगल, नद्या आणि पर्लकोटेला पूर आला की तुटणारा रस्ता. म्हणून कायद्यात लोकसंख्येच्या जोडीने प्रवासाला लागणारा वेळ हा निकष हवा आणि पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या भागांसाठी होडी, दुचाकी रुग्णवाहिका किंवा गावपातळीवरचा प्रशिक्षित प्रथमोपचारक यांची तरतूद त्याच निकषात धरली पाहिजे.

तिसरी मागणी वेळ मोजण्याची आहे. इथे मी जरा थांबतो, कारण चांगल्या हेतूने केलेला कायदा नेमका इथे निकामी होतो. कॉल लागतो, उचलला जातो, पत्ता समजतो, गाडी नेमून दिली जाते, गाडी तळावरून निघते, रस्ता जिथे संपतो तिथे पोहोचते आणि मग माणसे रुग्णापर्यंत पोहोचतात. सेवा चालवणाऱ्याला घड्याळ गाडी नेमून दिल्यापासून सुरू करणे आणि गाडी रस्त्यावर उभी राहिल्यावर थांबवणे सोयीचे असते. असे मोजले तर सर्वांत वाईट प्रसंग हिशेबातच येत नाही. तालुक्यातील दोन्ही गाड्या बाहेर आहेत म्हणून ज्या कॉलला गाडी नेमूनच देता आली नाही, त्याचे घड्याळ सुरूच झालेले नसते. नातेवाईक अर्धा तास वाट पाहून जीप करतात, कॉल रद्द म्हणून नोंदला जातो आणि महिन्याची सरासरी उत्तम दिसते. दुसऱ्या टोकाला, पाड्यावरून रुग्णाला बांबूच्या झोळीतून नाला ओलांडून आणावे लागते तेव्हा गाडी ‘पोहोचलेली’ असते आणि रुग्ण अजून डोंगरावर असतो. म्हणून ठरावात स्पष्ट लिहा की वेळ पहिल्या रिंगपासून रुग्णाच्या शेजारी पोहोचेपर्यंत मोजावी, गाडी न मिळालेले आणि रद्द झालेले कॉल वेगळे जाहीर करावेत आणि राज्याच्या सरासरीऐवजी तालुकानिहाय, दहापैकी नऊ कॉलना किती वेळ लागला हे सांगावे. इंग्लंडमध्ये सर्वांत गंभीर कॉलसाठी सरासरी ७ मिनिटे आणि दहापैकी नऊ कॉलसाठी १५ मिनिटे असा दुहेरी निकष २०१७ पासून आहे. त्याआधी केवळ आठ मिनिटांचे लक्ष्य होते आणि घड्याळ थांबावे एवढ्यासाठी एकाच रुग्णाकडे दोन-तीन वाहने धावत असत, हा त्यांचा अनुभव आपण फुकट घेण्यासारखा आहे. जर्मनीतील हेसेनसारख्या राज्यात दहा मिनिटांची मुदत थेट राज्याच्या कायद्यातच आहे. आपल्या ग्रामीण भागात ती शक्य नाही, हे मलाही कळते. तीस मिनिटे असली तरी चालेल, पण ती कायद्याची असावी आणि खरी मोजलेली असावी. हृदय बंद पडलेल्या रुग्णाची जगण्याची शक्यता छातीदाब आणि शॉकशिवाय दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. त्याला गाडीच्याही आधी गावातला प्रशिक्षित माणूसच वाचवू शकतो, आणि फोनवरून छातीदाब कसा द्यायचा हे सांगणे कंट्रोल रूमच्या कर्तव्यांत लिहिलेले हवे.

चौथी गोष्ट, जी ठरावांत सहसा येत नाही, ती म्हणजे रेफर केलेल्या रुग्णांची वाहतूक. रात्री ग्रामीण रुग्णालयात रक्तदाब चढलेली, झटके येऊ लागलेली गर्भवती येते. भूलतज्ज्ञ नाही, रक्त नाही, म्हणून तिला सत्तर-ऐंशी किलोमीटरवरच्या जिल्हा रुग्णालयात पाठवले जाते. तालुक्याची गाडी तिला घेऊन निघते. तिथे अपघात विभागात मोकळी ट्रॉली नसते. रुग्ण गाडीच्याच स्ट्रेचरवर ठेवली जाते आणि स्ट्रेचर मोकळे होईपर्यंत गाडी निघू शकत नाही. कागद, सही, परतीचा प्रवास, गाडीची सफाई, सिलिंडर बदलणे. चार-पाच तास त्या तालुक्याला दुसरी गाडी नसते आणि त्या वेळात आलेल्या सर्पदंशाच्या किंवा अपघाताच्या कॉलला शेजारच्या तालुक्यातून गाडी काढावी लागते. दोष गाडीचा दिसतो, मूळ मात्र रुग्णालयात असते. त्यामुळे कायद्यात तीन गोष्टी एकत्र हव्यात: आंतर-रुग्णालय वाहतुकीसाठी वेगळा ताफा, घटनास्थळी जाणारी शेवटची गाडी तालुक्याबाहेर काढताना पर्यायी गाडी तळावर आणण्याचे बंधन आणि रुग्ण उतरवून घेण्याची रुग्णालयावरची ठरलेली मुदत. यांतली शेवटची तरतूद केवळ रुग्णवाहिकेच्या कायद्यात लिहून भागणार नाही. ती जिल्हा रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालये या दोन्हींवर बंधनकारक असली पाहिजे, कारण ती वेगवेगळ्या विभागांच्या अखत्यारीत आहेत.

गाडीत काय असावे याबद्दल थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय रुग्णवाहिका संहितेने, म्हणजे एआयएस-१२५ ने, गाड्यांचे चार प्रकार ठरवले आहेत: ए हा प्रथम प्रतिसादकाचा, बी केवळ रुग्ण नेण्याचा, सी मूलभूत आणि डी प्रगत जीवनरक्षक. ही संहिता वाहनाची आहे. वाहनात कोण असावे आणि रोज काय तपासावे हे ठरवण्याचे काम राज्याच्या कायद्याचे आहे. एक उदाहरण पुरे. बी आकाराच्या (गाडीच्या बी प्रकाराशी याचा संबंध नाही) ऑक्सिजन सिलिंडरमध्ये पूर्ण भरलेला असताना साधारण १,५०० लिटर प्राणवायू असतो. पिशवीच्या मास्कने मिनिटाला १५ लिटर द्यावे लागले तर तो १०० मिनिटे पुरतो. दोन तासांच्या प्रवासाला असा एकच सिलिंडर घेऊन निघालेली गाडी नियमाने सुसज्ज असते आणि रुग्णाला वाटेत प्राणवायू संपतो. म्हणून प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला दाब पाहून सहीनिशी नोंद आणि प्रवासाच्या अंतरानुसार साठा, या दोन साध्या गोष्टी नियमांच्या परिशिष्टात आल्या पाहिजेत. खासगी गाड्यांनाही हेच लागू करावे. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, खासगी रुग्णवाहिका ताब्यात घेणे आणि त्यांचे दर ठरवून देणे शासनाला साथरोग आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या कायद्यांखाली जमले होते. सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०२० मध्ये राज्यांना वाजवी दर ठरवण्यास सांगितले होते. साथ ओसरल्यावरही रुग्णाची अगतिकता तीच राहते, मग दरपत्रक तेवढ्यापुरतेच का असावे?

आणि माणसे. सेवा वैधानिक करायची, पण ती चालवणाऱ्यांची नोकरी निविदेच्या मुदतीइतकीच ठेवायची, हे टिकणारे नाही. चालकाला आपल्याकडे पायलट म्हणतात. बारा तासांच्या पाळीनंतर बदली माणूस आला नाही म्हणून तोच पुढे गाडी घेऊन निघतो, हे मी जवळून पाहिले आहे. घाटात, पावसात, मागे रुग्ण असताना. पुरवठादार बदलला की त्याची ज्येष्ठता शून्यावर येण्याची भीती, वेतन थकण्याची भीती, आणि वर मेस्माची टांगती तलवार. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची भूमिका अशी आहे की, रुग्णालयासारख्या जीवरक्षक सेवांमध्ये संपावर मर्यादा घालता येते, मात्र त्या बदल्यात कामगारांना निष्पक्ष आणि जलद लवादासारखे संरक्षण दिले पाहिजे. मला हा सौदा न्याय्य वाटतो. संपाच्या काळात किमान किती गाड्या चालू राहतील हे आधीच ठरलेले असावे, आणि वेतन, कामाचे तास, पुरवठादार बदलल्यावरची सेवेची सलगता आणि तक्रारीचा निवाडा हे त्याच कायद्यात असावे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्य व्यावसायिकांची नोंदणी आणि शिक्षण यांची चौकट दिली आहे आणि आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञांना त्यात स्थान आहे. राज्याच्या कायद्याने गाडीवरची पदे त्या चौकटीशी जोडून द्यावीत.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला खर्चाचा. खर्च वाढेल हे खरे आहे आणि ते लपवू नये. मात्र १९९६ च्या निकालानंतर राज्याला हा बचाव तत्त्वतः उरलेला नाही, आणि कर्तव्य वैधानिक असले तर दरवर्षी अर्थसंकल्पात कात्री लावताना हा खर्च ऐच्छिक मानता येत नाही, हाच तर कायद्याचा उपयोग आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: कायदा झाला तरी अंमलबजावणी होईलच कशावरून? राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्क कायदा केला, आपत्कालीन उपचार आगाऊ पैशांशिवाय मिळण्याचा हक्क त्यात दिला, देशभर त्याची चर्चा झाली; पण तपशील नियमांवर सोडले आणि नियमांचे काम रखडले की असा हक्क रुग्णापर्यंत पोहोचत नाही. यावरून मी एवढेच शिकतो की वेळेची मुदत, जबाबदार अधिकारी आणि भरपाई या तीन गोष्टी नियमांवर न सोडता मूळ अधिनियमातच असाव्यात, आणि नियम करण्यासाठी सहा महिन्यांची मर्यादाही अधिनियमातच घालावी. भरपाई मोठी नसली तरी चालेल. ती जिल्ह्यातच मिळाली पाहिजे आणि ती मागण्यासाठी वकील लागू नये.

ठरावाचा मुख्य परिच्छेद साधारण असा करता येईल: “राज्यातील प्रत्येक व्यक्तीला आपत्कालीन प्रसंगी, पहिल्या दूरध्वनीपासून विहित मुदतीत, प्रशिक्षित कर्मचारी व आवश्यक उपकरणांसह रुग्णवाहिका विनामूल्य उपलब्ध करून देणे हे राज्य शासनाचे वैधानिक कर्तव्य राहील, या कर्तव्यात कसूर झाल्यास संबंधित व्यक्तीस जिल्हा प्राधिकरणाकडे दाद मागता येईल, आणि ही सेवा कंत्राटदारामार्फत दिली जात असली तरी शासनाचे उत्तरदायित्व कायम राहील.” शेवटचा खंड कोणत्याही परिस्थितीत गाळू देऊ नका. मसुदा मंत्रालयात फिरू लागला की सर्वांत आधी कात्री त्यालाच लागेल, असा माझा अंदाज आहे. मेस्मासारख्या कायद्याचा उल्लेख ठरावात करूच नये.

ठरावासोबत तुमच्या तालुक्याची माहिती जोडा, म्हणजे तो कपाटात न जाता चर्चेला येईल. माहिती अधिकार कायद्याखाली जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयाकडे मागील बारा महिन्यांसाठी पुढील नोंदी मागा: तालुक्यातून आलेले कॉल, गाडी नेमून देता न आलेले कॉल, रद्द झालेले कॉल व त्यांची कारणे, प्रत्येक कॉलची पहिली रिंग, प्रस्थान आणि रुग्णापर्यंत पोहोचल्याची वेळ, गाडी दुरुस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्याअभावी बंद असलेले दिवस, आणि रेफर केसमध्ये रुग्णालयात रुग्ण उतरवून घेण्यास लागलेला वेळ. अर्जात रुग्णांची नावे मागू नका. वैयक्तिक माहितीच्या कारणाने अर्ज फेटाळण्याची संधी त्यातून मिळते. कंट्रोल रूममध्ये या वेळा संगणकावर नोंदल्या जातात, त्यामुळे माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही असे उत्तर आले तर कॉलनिहाय यादी आहे तशी द्यावी, असे पहिल्या अपिलात म्हणा.

ही यादी हातात आली की गावांच्या नावांसमोर वेळा लिहून तालुक्याचा नकाशा करा आणि ज्या गावांना गाडी तीस मिनिटांत एकदाही पोहोचलेली नाही, त्या गावांच्या ग्रामसभांनी ठराव सर्वांत आधी मांडावा.